पाण्याचा दिवस

माझ्या कपाटात अजून ती वही आहे. लाँगबुक, निळा पुठ्ठा, पहिल्या पानावर स्केचपेननं मीच मोठ्या अक्षरात लिहिलेलं 'लेट मार्क'. लाइन सुपरवायझर झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या पैशानं आणली होती, शेठनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं, मलाच वाटलं होतं की सुपरवायझर म्हणल्यावर हातात असं काहीतरी पाहिजे. आता आमच्याकडं ओव्हरलॉक मशीनवरची एक पोरगी सुपरवायझर झालीये आणि परवा तिच्या हातात तशीच नवी कोरी वही बघितली, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं युनिट अक्कलकोट रोड एमआयडीसीत. सोलापूर म्हणलं की बाहेरच्या माणसाला चादर नाहीतर टॉवेल आठवतो, पण गारमेंटचा धंदा पण गावात चांगला वाढलाय, आम्ही शाळेचे युनिफॉर्म शिवतो. २८ मशीन, कटिंग, काज-बटण, चेकिंग, इस्त्री-पॅकिंग सगळं धरून पन्नासेक माणसं, त्यात चाळीस तरी बायका. निम्म्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, काही कन्नड घरातल्या, काही जवळच्या कुंभारी गावाकडनं येणाऱ्या. मी स्वतः एकोणीस वर्षाची असताना धागे कापायला लागले, दुसऱ्या एका युनिटमधे. तिथले सुपरवायझर चुकलेला पीस सगळ्यांसमोर टेबलावर आपटायचे आणि मग बराच वेळ कुणी मान वर करायचं नाही. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या हातात कधी काही आलं तर असं करायचं नाही. पीस मी कधी आपटला नाही हे खरंय. पण वही काढली.

नऊची वेळ, दहा मिनिटं सूट, त्याच्या पुढं वहीत नाव, महिन्यात तीनदा नाव आलं की हजेरी बोनस गेला. नियम साधा होता आणि मला तो न्यायाचा वाटायचा, कारण सगळ्यांना सारखा.

आमच्याकडं कॉलरवर एक अक्का बसतात. पन्नाशी ओलांडलेल्या, बोलायला कमी, आणि त्यांची नजर अशी की काय सांगू. एकाच रंगाचे दोन ताके घेतले तरी रंगात बारीक फरक असतो, हातात धरल्यावर कळत नाही, पण शर्ट शिवून उजेडात धरला की छाती एका निळ्याची आणि कॉलर दुसऱ्या निळ्याची दिसते. म्हणून कटिंगला प्रत्येक थराला नंबरचं स्टिकर लावतात आणि नंबर जुळवूनच शिवायचं असतं. स्टिकर लावतानाच गडबड झाली तर ते पकडणारं आमच्या लाइनीत एकच माणूस, अक्का. 'ताई, हे बंडल जरा बघा की', एवढंच म्हणायच्या आणि दहातल्या नऊ वेळा त्यांचं बरोबर निघायचं.

एप्रिलचे दिवस होते, ऑर्डर डोक्यावर, आणि अक्का नऊ पंचवीसला आल्या. महिन्यातली तिसरी वेळ. मी लाइनच्या मधे उभी राहून वही उघडून त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं, बोनस गेला म्हणून सांगितलं. मुद्दाम मोठ्यानं, म्हणजे बाकीच्यांना पण कळावं. अक्का काहीच बोलल्या नाहीत. पदर खोचला, बॉबिन भरली, बसल्या.

पंधरा दिवसांनी फिनिशिंगमधे ३१० शर्ट निघाले, कॉलरचा रंग वेगळा. सगळे उसवायचे. मी अक्कांकडं गेले, म्हणलं, 'अक्का, तुम्हाला दिसलं नाही का हो?' त्यांनी मशीन थांबवलं, माझ्याकडं बघितलं आणि एकदम शांतपणे म्हणाल्या, 'दिसलं की ताई. पण तुमी वही घेऊन फिरलालाव, तुमाला कसं सांगायचं?'

त्या आवाजात राग नव्हता, मला ते जास्त लागलं.

त्या रविवारी घरी वही घेऊन बसले. खरं सांगायचं तर माझं कुठं चुकलं नाही हे बघायलाच बसले होते. अक्कांची नावं, ४, ९, १३ तारखेला. त्यांच्याच गल्लीतल्या दुसऱ्या दोघी, त्यांच्या पण त्याच तारखा. मागचा महिना उघडला, तिथं पण तसंच, चार-पाच दिवसांनी ह्या तिघी एकत्र. दुसऱ्या एका भागातल्या चौघींच्या तारखा वेगळ्या, पण अंतर तेवढंच. मी विचार करतेय, ह्या ठरवून उशीर करतात की काय, तेवढ्यात सासूबाई आतनं म्हणाल्या, 'उद्या पाणी येणाराय, पिंप घासून ठेवायचंय.'

आता सोलापूरकराला हे सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, वर्षानुवर्षं चार-पाच दिवसाआड, प्रत्येक भागाचा दिवस वेगळा, आणि आज येणार म्हणलं तरी पहाटे चारला येईल की सकाळी आठला ह्याचा भरवसा नाही. आलं की पिंप, कळश्या, बादल्या, घरातलं पातेलंसुद्धा भरून घ्यायचं, कारण तो दिवस चुकला तर पुढचे चार दिवस घर कोरडं. आणि भरणार कोण, तर घरातली बाई. माझ्या घरी सासूबाई भरायच्या म्हणून मी नऊच्या आधी गेटवर उभी असायचे, आणि तिथं उभी राहून उशीरा येणाऱ्यांची नावं लिहायचे. माझा वक्तशीरपणा सासूबाईंच्या कंबरेवर चालला होता हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांना सारखा नियम म्हणत होते, आणि सारखं काहीच नव्हतं.

सोमवारी मी पहिलं काम केलं ते माफी मागायचं. केबिनमधे बोलावून नाही, जिथं नाव वाचलं होतं तिथंच, त्याच जागी उभी राहून. जो अपमान पन्नास माणसांसमोर केला त्याची माफी दाराआड मागितली तर ती अर्धीच पोचते, हे माझं मत आजही पक्कं आहे. अक्का लाजल्या, 'असू द्या की ताई' म्हणाल्या. लगेच काही सगळं नीट झालं असं नाही. अक्कांना परत 'हे बंडल बघा की' म्हणायला पुढचे दीड-दोन महिने लागले, आणि ते बरोबरच होतं.

मग प्रॉडक्शनच्या फळ्यावर एक रकाना वाढवला, 'पाणी'. कुठल्या भागाला उद्या पाणी आहे ते आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवायचं. त्या भागातल्या बायकांनी दुसऱ्या दिवशी साडेनऊ-पावणेदहापर्यंत यायचं, जेवणाच्या सुट्टीतनं आणि संध्याकाळच्या वेळेतनं तेवढं भरून काढायचं. शेठ आधी नको म्हणाले, त्यांचं म्हणणं एकाला सूट दिली की दहा जण मागतात. मी त्यांच्यासमोर दोन कागद ठेवले, एकावर महिन्याभरात उशीरामुळं गेलेली मिनिटं आणि दुसऱ्यावर ३१० शर्ट उसवून परत शिवायला गेलेले तास, धागा, आणि पार्टीला, म्हणजे ऑर्डर देणाऱ्याला, माल उशीरा गेला म्हणून खाल्लेली बोलणी. त्यांनी दुसरा कागद दोनदा वाचला आणि 'एक महिना बघू' म्हणाले. कटकटी झाल्या, नाही असं नाही. इस्त्रीवाल्या पोरांनी विचारलं आम्हाला का नाही, तर त्यातल्या दोघांच्या घरी खरंच तेच पाणी भरत होते, त्यांचंही नाव घातलं. पाण्याचा दिवस बदलला की फळा चुकायचा. पण भांडण झालं तरी समोर व्हायला लागलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मधे एकदा आमच्याकडं एका सरांचं सेशन ठेवलं होतं, प्रोजेक्टर लावून, टीम म्हणजे फॅमिली वगैरे. बोलले चांगलं. पण मला हा फॅमिली शब्द पटत नाही. घरी कुणाला पीसवर, म्हणजे नगाच्या हिशोबानं, पैसे मिळत नाहीत आणि घरातनं कुणाला काढून टाकत नाहीत. जिथं पगाराचा हिशोब आहे तिथं आधी तो हिशोब सरळ पाहिजे. महिन्याचा पगार ७ तारखेच्या आत, हे १९३६ च्या पगार कायद्यापासून चालत आलंय, ओव्हरटाइमला दुप्पट दर १९४८ च्या कारखाना कायद्यापासून. त्यात उपकार काही नाहीत. ज्या युनिटमधे ओव्हरटाइम साध्या दरानं देतात आणि वाढदिवसाला केक कापतात तिथल्या बायका केक खातात आणि दुसरीकडं जागा निघाली की निघून जातात, आणि मी त्यांना नाव ठेवणार नाही. माणसांची काळजी घ्यायची म्हणणाऱ्यानं पहिल्यांदा पगारपत्रक वाचायला शिकावं. मी शिकले, अकाउंटवाल्या भाऊंच्या शेजारी बसून, दोन महिने लागले. आता कुणी 'ताई, माझे ४० पीस कमी धरलेत' म्हणलं तर मी 'ऑफिसमधे विचारा' म्हणत नाही, स्वतः बघते.

आता लाल चिंधीचं सांगते. माझे वडील मागावर कामाला होते, आयुष्य त्या खडखडाटात गेलं, घरी पण मोठ्यानंच बोलायचे. ते म्हणायचे, धागा तुटलेला दिसला नाही की पुढं वीतभर कापड वाया. म्हणून टोयोटाची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी सरसावून बसले, कारण ती मोटारीची गोष्ट नाहीच, मागाची आहे. साकिची टोयोडा म्हणून जपानी माणूस, त्यानं १९२४ मधे ऑटोमॅटिक माग पुरा केला, धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. पुढं त्याच्या मुलानं मोटारीचा कारखाना काढला आणि हाच विचार तिथं आला, लाइनवरच्या कुठल्याही कामगारानं काही चुकतंय असं दिसलं की दोरी ओढायची, सुपरवायझर पळत येतो, आणि जागेवर सुटलं नाही तर लाइन थांबते. साध्या कामगाराच्या हातात लाइन थांबवायची ताकद. मला वाटलं, हे मागावरनंच आलंय तर आपल्या गावात का नको.

दोरी-बिरी काही नाही, कटिंगच्या उरलेल्या लाल कापडाच्या चिंध्या केल्या, प्रत्येक मशीनला एक दिली. काही खटकलं की दिव्याच्या दांडीला बांधायची, मी येईन. पहिले दहा-बारा दिवस एकही चिंधी वर गेली नाही. सगळ्या नुसत्या ड्रॉवरमधे. वहीची भीती गेली नव्हती अजून. मग एक दिवस माझ्याच हातनं चुकलं, खिशाचा साचा ३२ साइजचा द्यायचा तो ३४ चा दिला, साठेक खिसे लागून झाले होते. मी ड्रॉवरमधनं चिंधी काढली आणि माझ्या टेबलाच्या दिव्याला बांधली आणि सगळ्यांना सांगितलं, साचा मी चुकीचा दिला, साठ पीस उसवायचे आहेत, आणि त्या वेळेची मजुरी तुमच्यातनं कापली जाणार नाही. त्या दुपारी दोन चिंध्या वर गेल्या. एक सुई बोथट झाली म्हणून आणि एक, खरं तर, पंखा आवाज करतोय म्हणून. दोन्हीकडं मी गेले.

पुढच्या महिन्यात कागदावर चुका वाढल्या. शेठ घाबरले, 'तुमच्या ह्या चिंध्यांनी अल्टर वाढलं' म्हणाले, अल्टर म्हणजे दुरुस्तीला परत आलेले पीस. अमेरिकेत हार्वर्डच्या एमी एडमंडसन म्हणून प्रोफेसर बाई आहेत, त्यांना १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधे हेच दिसलं होतं, ज्या वॉर्डमधली टीम चांगली तिथंच औषधाच्या चुका जास्त नोंदलेल्या. आधी त्यांनाही उलटं वाटलं, मग लक्षात आलं की तिथली माणसं चूक झाली तर बोलतात, बाकीच्या ठिकाणी झाकतात. मी शेठना हे सांगितलं, आणि सांगितलं की आधी ह्याच चुका पार्टीकडनं परत यायच्या, आता टेबलावरच सापडतात. डिस्पॅचनंतर परत आलेला माल त्या सीझनला खरंच कमी होता, तेव्हा कुठं ते गप्प बसले.

उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात म्हणजे आमचा खरा सीझन मार्च ते जून, आणि सोलापूरचा मे महिना म्हणजे ४२-४३ डिग्री, वर पत्रा, त्यात इस्त्रीची वाफ. इस्त्रीवरच्या एका पोराला चक्कर आली तेव्हा मी ठरवून टाकलं, सकाळी सात ते बारा, मग चार ते सात. मला वाटलं किती छान सोय केली. बायकांना विचारलं तर एकीलाही नको, कुंभारीला जाऊन परत यायचं म्हणजे रिक्षाचे डबल पैसे आणि मधले चार तास जायचं कुठं. त्यांनीच सांगितलं, साडेसहाला सुरू करा, अडीचला सोडा, मग ऊन सोसू पण घरी जाऊन. तसं केलं, ज्यांच्याकडं पाणी त्यांना त्या दिवशी सव्वासात. इस्त्रीची टेबलं खिडकीकडं हलवली, अकराला ताक. माझा प्लॅन गेला आणि त्यांचा राहिला, बरं झालं.

भाषेचं एक राहिलं. भैय्या चौकात डॉक्टर कोटणीसांचं स्मारक आहे, मी शाळेत असताना त्यांच्याबद्दल फक्त चीनला गेले एवढंच माहीत होतं. १९१० साली आपल्या सोलापुरात जन्मलेला माणूस, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला जातो, १९४१ ला तिथल्या हॉस्पिटलचा प्रमुख होतो आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथंच मरण पावतो, वय ३२. मला त्यातलं सगळ्यात भावतं ते हे की त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, बोलायला आणि लिहायलाही. प्रमुख होते, दुभाष्या ठेवून भागलं असतं. मी तर ह्याच गावात जन्मले, आजूबाजूला तेलुगू, आणि तिशी उलटेपर्यंत मला चार वाक्यं येत नव्हती. आता मोडकंतोडकं येतं. जेवणाच्या सुट्टीनंतर लाइनीतनं जाताना 'अक्का, तिन्नावा?' विचारते, जेवलीस का एवढंच, तरी पहिल्यांदा विचारलं तेव्हा बटणावरच्या बाई अशा खुलल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डब्यात शेंगाचटणी जास्तीची.

आणि शिकवण्याचं. कॉलरचं टोक टोकदार येणं हा सगळा हाताचा खेळ आहे, बहुतेकजणी कात्रीच्या टोकानं बाहेर ढकलतात आणि कधीतरी कापड फाटतं. अक्का काय करतात, कोपऱ्यावर टाका वळवायच्या आधी दोन्ही कापडांच्या मधे एक दोरा घालतात, तो टाक्यात धरला जातो, मग कॉलर उलटी करताना तो दोरा हळूच ओढला की टोक सुईसारखं बाहेर. वर्षानुवर्षं हे त्यांच्याजवळच होतं. मला आधी वाटायचं की त्या मुद्दाम सांगत नाहीत. तसं नव्हतं, त्या पीसवर आहेत, कुणाला शिकवायला बसल्या तर तेवढे कॉलर कमी आणि तेवढे पैसे कमी. मग ठरवलं, ज्या दिवशी शिकवायचं त्या दिवशी मागच्या आठवड्याच्या सरासरीनं मजुरी द्यायची. धागे कापणारी एक पोरगी त्यांच्या शेजारी बसवली. तिसऱ्या दिवशी तिचं पहिलं टोक नीट निघालं, तिनं ते बोटाला टोचून बघितलं आणि अक्कांकडं बघितलं, आणि अक्का, ज्या कधी हसत नाहीत, त्यांनी तो कॉलर घेतला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, 'हे माझ्या बंडलात नको घालू, तुझ्या बंडलात घाल.' मी 'छान छान' पुष्कळ म्हणते दिवसभर, पण ह्या वाक्यासारखं कौतुक मला अजून जमलेलं नाही.

नव्या सुपरवायझर पोरीला मी वही टाक म्हणून सांगितलं नाही. माझी निळी वही दाखवली फक्त. त्यातली नावं पहिल्या पस्तीस पानांत संपतात. पुढच्या पानांवर कुणाला काय शिकायचंय ते आहे, कुणाला ओव्हरलॉक, कुणाला कटिंग, एका मावशींनी मोबाइलवर हिशोब लिहायला शिकायचंय म्हणून सांगितलंय, ते अजून राहिलंय माझ्याकडनं. ती पानं उलटत बसली होती बराच वेळ.

सासूबाईंचे गुडघे आता चालत नाहीत, पाणी मीच भरते. गेल्या मंगळवारी पाणी आठला आलं, सगळं भरून युनिटला पोचायला मला दहा वाजले. फळ्यावर पाण्याच्या रकान्यात आमच्या भागापुढं खडूनं कुणीतरी लिहिलं होतं, 'ताई'. लाइन चालू होती. अक्कांच्या दिव्याला लाल चिंधी होती आणि खाली दोन बंडल बाजूला काढून ठेवलेले, नंबर न जुळलेले.